सायकल शर्यतीत कानातला रेडिओ महत्त्वाचा असतो का? (आणि हा प्रश्न असा का विचारू नये)

सेट-नेट झाली, गाइड मिळाले, आता प्रस्ताव लिहायला बसायचंय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हा लेख. प्रस्तावाचं शीर्षक आपण बहुतेक वेळा एकाच साच्यात घालतो: "अमुकचा तमुकवर होणारा परिणाम". वाचायला बरं वाटतं. पण समितीतले कुणी सर "परिणाम म्हणजे नेमकं काय? आणि कशाच्या तुलनेत?" असं विचारतात, तेव्हा आपली बोबडी वळते.

हा प्रश्न आधी विचारला नाही तर काय होतं, ते बघायला मी मुद्दाम आपल्या विषयांपासून लांबचा एक वाद निवडलाय. व्यावसायिक रोड सायकलिंगमध्ये खेळाडूंच्या कानात रेडिओ असावा की नसावा? तीसेक वर्षं हा वाद चालू आहे. दोन्ही बाजूंकडे भरपूर उदाहरणं आहेत, आणि त्यातलं जवळपास एकही उदाहरण पुरावा म्हणून टिकत नाही. का टिकत नाही, ते एकेक करून पाहू.

वाद नेमका काय आहे

ज्यांनी अशी शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शंभर-दीडशे सायकलपटू एका मोठ्या घोळक्यात चालतात, त्याला पेलोटॉन म्हणतात. पुढच्याच्या आडोशाने चालवलं की वारा कमी लागतो आणि दम वाचतो. चार-पाच जण घोळक्यातून निसटून पुढे जातात, तो ब्रेकअवे. घोळक्यातले संघ हिशेब करतात: आत्ता पाठलाग सुरू केला तर किती किलोमीटरमध्ये पकडू? लवकर पकडलं तर दुसरे निसटतील, उशीर केला तर पहिले हातचे जातील. म्हणजे वेळेतलं अंतर किती आहे, ही माहिती सोन्याच्या मोलाची.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मोटोरोला संघाने कानात रेडिओ घालायला सुरुवात केली. प्रायोजकच रेडिओ बनवणारा, त्यामुळे ते साहजिक होतं. पुढच्या काही वर्षांत मोठ्या संघांमध्ये ते सर्रास झालं. मागून येणाऱ्या गाडीतला संघाचा संचालक टीव्ही बघत थेट कानात सांगू लागला: "अंतर दोन मिनिटं, आता ओढा."

विरोधक म्हणतात, रेडिओने शर्यत मारली. सायकलपटू रिमोटवर चालतो, स्वतः डोकं चालवत नाही, आणि ब्रेकअवे शेवटी पकडला जातोच. समर्थक म्हणतात, पुढे तेल सांडलंय, वळणावर कुणी पडलंय, हे कळायला रेडिओ हवाच.

हा वाद फक्त युरोपातला आहे असं समजू नका. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आणि घाटांत 'पुणे ग्रँड टूर' झाली. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयच्या वर्गवारीत ती २.२ दर्जाची. यूसीआयच्या नियमांत रेडिओची मुभा वरच्या दर्जाच्या शर्यतींना आहे, २.२ त्यात बसत नाही. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून ज्यांनी ती शर्यत पाहिली, त्यांनी बिनरेडिओची शर्यत पाहिली. "मग ती जास्त रंगतदार होती का?" असं लगेच मनात आलं असेल, तर तिथेच थांबा. तिची तुलना कशाशी करणार? टूर द फ्रान्सशी? संघ वेगळे, रस्ते वेगळे, बक्षिसं वेगळी. रेडिओ सोडून बाकी सगळंच वेगळं असेल, तर दिसणारा फरक रेडिओच्या खात्यावर टाकता येत नाही.

पुरावा पहिला: टोकियो

रेडिओचा विषय निघाला की हे उदाहरण येणारच. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक, महिलांची १३७ किलोमीटरची रोड रेस. ऑलिंपिकमध्ये आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत रेडिओला बंदी असते. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच निसटली. ती गणितात पीएचडी झालेली, तेव्हा लोझानच्या संस्थेत संशोधन करत होती, आणि कुठल्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता. सुमारे ४० किलोमीटर उरले असताना तिने सोबतच्यांनाही मागे टाकलं. पुढे नेदरलँड्सच्या बलाढ्य संघाने तिच्या मागे राहिलेल्या दोघींना पकडलं आणि 'झालं, सगळ्या पकडल्या' असं समजून घेतलं. आन्नेमीक व्हान व्ल्यूटेन दोन्ही हात वर करून रेषेपार गेली. आपल्याला सुवर्ण मिळालं असं तिला वाटत होतं. कीझेनहोफर तिच्या १ मिनिट १५ सेकंद आधीच पोचली होती.

गोष्ट भारी आहे, आणि आपल्यासारख्या संशोधक मंडळींना तर जास्तच आवडणारी. पण पुरावा म्हणून तिचं वजन किती?

एक, ऑलिंपिकमध्ये संघ छोटे असतात. नेदरलँड्सच्या फक्त चौघी होत्या, ऑस्ट्रियाची एकटी. पाठलागाला माणसंच कमी असली की ब्रेकअवे टिकण्याची शक्यता तशीही वाढते. दोन, एरवी वेगवेगळ्या संघांतून एकमेकींविरुद्ध खेळणाऱ्या त्या दिवशी एका देशासाठी खेळत होत्या. तीन, माहिती पूर्णपणे बंद नव्हती. मागच्या गाड्यांना आयोजकांकडून अंतर कळत असतं, मोटरसायकलवरून फळा दाखवतात, गाडीपर्यंत मागे जाऊन विचारताही येतं. माहिती होती, ती सायकलपर्यंत पोचण्याची वाट लांब होती. मग हरवलं कुणी? रेडिओ नसण्याने, संघ छोटा असण्याने, की चौघींनी आपसात नीट न विचारण्याने? एका दिवसाच्या एका शर्यतीतून हे तिन्ही वेगळे काढता येत नाहीत.

आता उलटं उदाहरण घ्या. २५ सप्टेंबर २०११, कोपनहेगन, पुरुषांची जागतिक अजिंक्यपद शर्यत. इथेही रेडिओ नाही. ब्रिटनच्या आठ जणांच्या संघाने जवळपास दिवसभर घोळक्याच्या तोंडाशी राहून शर्यत मुठीत ठेवली, आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये मार्क कॅव्हेन्डिश जिंकला. बिनरेडिओची शर्यत, आणि तरी सगळं ठरल्याप्रमाणे. टोकियोवाला कोपनहेगनचं नाव काढत नाही, कोपनहेगनवाला टोकियोचं काढत नाही. स्वतःच्या बाजूची उदाहरणं वेचणं म्हणजे पुरावा गोळा करणं नव्हे. साहित्याचा आढावा लिहिताना ही चूक सगळ्यात सोपी असते, कारण करताना ती चूक वाटतच नाही.

पुरावा दुसरा: टूर २००९

"बरं, मग प्रयोगच करू," असं आयोजकांनीही ठरवलं होतं. २००९ च्या टूर द फ्रान्समध्ये दोन टप्पे बिनरेडिओचे ठेवले. पहिला होता दहावा टप्पा, १४ जुलैला, लिमोज ते इसूदां. बहुतेक संघांचा या बंदीला विरोध होता. सायकलपटू दिवसभर रमतगमत चालले, चौघांच्या ब्रेकअवेला शेवटच्या काही किलोमीटरपर्यंत दोरी सैल ठेवली, मग पकडलं, आणि पुन्हा कॅव्हेन्डिशच जिंकला. दुसऱ्या टप्प्यावरची बंदी त्यानंतर मागे घेतली गेली.

यावरून "बघा, रेडिओ काढला तरी काही बदललं नाही" असं म्हणता येईल का? तुम्ही प्रयोगशाळेत काम करणारे असाल तर दोष लगेच दिसतील. नमुना एकच. टप्पा सपाट, जिथे तसाही स्प्रिंट होण्याची शक्यता जास्त. सगळ्यात मोठा दोष वेगळाच: ज्यांच्यावर प्रयोग चाललाय त्यांना प्रयोग माहीत आहे, तो नकोय, आणि तो फसावा अशी त्यांची इच्छा आहे. अशा प्रयोगात रेडिओच्या परिणामापेक्षा रागाचा परिणाम मोजला जातो. समाजविज्ञानातले विद्यार्थी हे लवकर ओळखतात. आपण विज्ञानवाले मात्र "कंट्रोल घेतला की झालं" म्हणून पुढे जातो.

आधी-नंतरची तुलना तरी?

तिसरा मार्ग: रेडिओ येण्याआधीची वर्षं आणि नंतरची वर्षं घ्या, ब्रेकअवे किती टिकले ते मोजा. आकडे मिळतात, आलेख छान येतो. पण १९९० च्या दशकात सायकलिंगमध्ये फक्त रेडिओ आला का? ईपीओ हे उत्तेजक त्याच काळात बोकाळलं. ताकद मोजणारे पॉवरमीटर आले. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण वाढलं, गाडीत टीव्ही आला. एकाच काळात चार गोष्टी बदलल्या, तर बदलाचं श्रेय एकीला कसं देणार? आणि मोठ्या संघांनी रेडिओ थोड्याच वर्षांत उचलल्यामुळे, त्याच काळातला, त्याच तोलाचा, पण बिनरेडिओचा असा गट तुलनेला उरतच नाही.

चांगला पुरावा कसा दिसतो: मासळीचं उदाहरण

हा प्रश्न कधी सुटणारच नाही, असं वाटून निराश होऊ नका. असाच एक प्रश्न आपल्याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, नीट सुटलेला आहे.

मी नाटेची. यशवंतगडाखालच्या खाडीत होड्या लागतात, तिथे माहितीची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. होडी मासळीने भरली की तांडेलापुढे प्रश्न एकच: इथेच लावायची की रत्नागिरीला मिरकरवाड्यापर्यंत जायचं? दर कळला तर डिझेल जाळायचं की नाही ते ठरवता येतं. नाही कळला तर अंदाजपंचे.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने हाच प्रश्न उत्तर केरळात अभ्यासला. निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मोबाइलची सेवा एकदम आली नाही. कोळिकोडला १९९७ मध्ये, कन्नूरला १९९८ मध्ये, कासरगोडला २००० मध्ये, अशी टप्प्याटप्प्याने आली. किनाऱ्यावर टॉवर, त्यामुळे समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत सिग्नल. जेन्सनने पंधरा बाजारांतले तारलीचे दर १९९६ ते २००१ अशी जवळपास पाच वर्षं दर आठवड्याला नोंदवले. ज्या भागात फोन आला तिथे बाजाराबाजारांतल्या दरांतली तफावत झपाट्याने घटली, आणि फोन अजून न आलेल्या भागात ती तशीच राहिली. मग तिथेही फोन आला, आणि तिथेही तेच झालं. मासळी फेकून देणं जवळपास बंद झालं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला दर ४ टक्क्यांनी कमी पडला.

हा अभ्यास इतका वजनदार का ठरला? विषय मोठा होता म्हणून? मला वाटतं, रचनेमुळे. वेगवेगळ्या वेळी सुरुवात झाल्याने प्रत्येक भाग दुसऱ्या भागाचा कंट्रोल झाला. पाऊस, डिझेल, हंगाम हे तिन्ही भागांना सारखेच लागू, त्यामुळे ते आपोआप बाजूला पडले. आणि 'परिणाम' म्हणजे काय हे पक्कं ठरलेलं होतं: दरांतली तफावत, वाया जाणारी मासळी, नफा. "फोनमुळे मच्छीमारांचं जीवन बदलतं का" असा ढगळ प्रश्न त्याने विचारलाच नाही.

सायकलिंगच्या वादात नेमकं हेच राहून गेलंय. 'महत्त्वाचा' म्हणजे कशासाठी महत्त्वाचा, हे कुणी ठरवलेलंच नाही.

एक यंत्र, तीन कामं

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. कानातला रेडिओ हे एक यंत्र दिसतं, पण ते तीन वेगळी कामं करतं.

पहिलं काम माहितीचं: अंतर किती, पुढे कोण. दुसरं काम हुकमाचं: आता ओढ, आता थांब. तिसरं काम सुरक्षेचं: पुढे धोका आहे, किंवा मी पडलोय, मदत पाठवा.

विरोधकांचा राग दुसऱ्या कामावर आहे. समर्थकांचा युक्तिवाद तिसऱ्या कामावर आहे. टोकियोची गोष्ट पहिल्या कामाची आहे. तिघे तीन गोष्टींबद्दल बोलतात आणि एकमेकांना खोडल्याचं समाधान मिळवतात. वाद तीस वर्षं चालला यात नवल काय?

सुरक्षेचं काम तर स्वतःच दुटप्पी आहे. वळण अरुंद होण्याआधी प्रत्येक संघाचा संचालक आपल्या माणसांच्या कानात एकाच वेळी ओरडतो: "पुढे या, पुढे या!" सगळे एकाच वेळी पुढे घुसतात, आणि पुढे जागा तर तेवढीच. धोक्याची सूचना हीच धोक्याचं कारण होते. यूसीआयने २०२४ मध्ये रेडिओवर मर्यादा घालून पाहायचं ठरवलं, त्यामागे हीच शंका होती. त्या वर्षीच्या टूर ऑफ पोलंडमध्ये काही टप्प्यांवर प्रत्येक संघातल्या दोघांनाच रेडिओ देण्यात आला.

याची दुसरी बाजू काळजाला लागणारी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कनिष्ठ मुलींच्या शर्यतीत १८ वर्षांची म्युरिएल फूरर पडली आणि दुसऱ्या दिवशी गेली. ती पडल्याचं बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शर्यत बिनरेडिओची. साहजिकच "रेडिओ हवा होता" अशी मागणी झाली. पण बेशुद्ध माणूस रेडिओवर बोलू शकत नाही. तिथे हवी होती ती 'कोण कुठे आहे आणि हलतंय की नाही' एवढंच सांगणारी वस्तू, म्हणजे जीपीएस ट्रॅकर. पुढच्या वर्षी किगालीच्या जागतिक स्पर्धेत तो सगळ्यांना लावला गेला. त्याच्या महिनाभर आधी रोमांदीच्या महिला शर्यतीत मात्र ट्रॅकर कुणी लावायचा आणि कुणाच्या अटींवर, यावरून वाद होऊन पाच संघ शर्यतीबाहेर गेले.

आमच्या बंदरावरच्या माणसाला ही विभागणी लगेच पटेल. होडीवरच्या व्हीएचएफवर १६ नंबरचं चॅनल संकटासाठी राखलेलं असतं, गप्पा आणि मासळीच्या खबरा दुसरीकडे. आता मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवायची केंद्राची योजना आहे. एक लाख नौकांसाठीच्या त्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमधून झाली. 'मी इथे आहे, मला वाचवा' हे काम 'मासळी कुठे लागली' या कामापासून वेगळं काढता येतं, आणि काढावं. एकदा ते वेगळं काढलं की दुसऱ्या कामावर मोकळेपणाने भांडता येतं, कारण तेव्हा कुणाचा जीव टांगणीला लागलेला नसतो.

म्हणून माझं मत असं: सुरक्षेच्या नावाखाली रेडिओचं समर्थन करणं आता टिकणारं नाही. ते काम ट्रॅकरकडे द्या, धोक्याची सूचना आयोजकांकडून सगळ्यांना सारखी द्या. पण "रेडिओने शर्यत मारली" हेसुद्धा कुणी सिद्ध केलेलं नाही. टोकियो आणि कोपनहेगन शेजारी ठेवले तर एवढंच सुचतं, की संघ छोटे आणि विस्कळीत असतील तिथे रेडिओने फरक पडत असावा, आणि संघ मोठा आणि सरावातला असेल तिथे फारसा पडत नसावा. ही फक्त कल्पना आहे, निष्कर्ष नाही. पण 'परिणाम होतो का' यापेक्षा 'कुठल्या स्थितीत होतो' हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे, एवढं नक्की.

हा प्रस्ताव तुम्हाला लिहायचा असता तर

समजा यूसीआयने उद्या विचारलं, "अभ्यास करून द्या." काय कराल?

परिणाम आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, शेवटचे २० किलोमीटर उरताना ब्रेकअवेकडे किती वेळ होता आणि तो टिकला का. आणि वेगळ्या रकान्यात, शेवटच्या टप्प्यात किती जण पडले. आकडे हातात आल्यावर परिणाम निवडू नका.

कुठला टप्पा रेडिओचा आणि कुठला बिनरेडिओचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सपाट आणि डोंगरी टप्प्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाका. एकाच शर्यतीत थांबू नका. एक टप्पा बिनरेडिओचा असला की तो 'खास दिवस' होतो, वीस शर्यतींत असे टप्पे आले की ती सवय होते आणि रागाचा परिणाम ओसरतो.

आणि मोजायचं एकक नीट ठरवा. पोलंडसारखं दोघांच्याच कानात रेडिओ दिला, तर ते दोघे शेजारच्याला तोंडी सांगणारच. एकाला दिलेलं औषध दुसऱ्याच्या पोटात जातं. दीडशे सायकलपटू म्हणजे दीडशे नमुने, असं समजलात तर फसाल. अख्खा टप्पा हा एक नमुना. त्यामुळे नमुने एकदम कमी होतात, हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. समितीला कमी नमुन्यांचा राग येत नाही, लपवलेल्यांचा येतो.

आता स्वतःचं शीर्षक काढा. त्यात जे 'अमुक' आहे, मग ते खत असो, मोबाइल अॅप असो, नाहीतर पाण्यातलं एखादं मूलद्रव्य, ते किती कामं करतं ते कागदावर लिहा. दोनपेक्षा जास्त निघाली तर तुमचा प्रश्न अजून एक नाही, दोन-तीन आहेत. त्यातला एक निवडा. बाकीचे कुठल्यातरी ज्युनियरला ठेवा, तोही कधीतरी प्रस्ताव लिहायला बसणारच आहे.

निवडलेला प्रश्न खाली कमेंटमध्ये एका वाक्यात लिहा. "कशाच्या तुलनेत?" असं मी विचारणार आहे, तयारीत या.